रेषा ओढली का?

११ जानेवारी

धाकट्या,

त्या सकाळी मी पेन्सिलीला टोक करत होतो. नकाशावर खुणा करायची लाल पेन्सिल. चाकूने टोक केलं, शिसं मोडलं, परत केलं. अंघोळ झाली होती, प्रार्थना झाली होती, चहाचा दुसरा कप टेबलावर निवत होता. हवा अगदी पडलेली, खिडकीबाहेर गवताचं पातं हलत नव्हतं. आठ वाजायला पाच मिनिटं होती. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं, की वाटतं बाकीचं आयुष्य आपण ऐकीव जगलो आणि तेवढी पाच मिनिटंच स्वतः.

मग वायरलेसवर तुझा आवाज आला. तू विचारलंस, मी उत्तर दिलं, तू उतारावरच्या गवताला मशाल लावलीस. साडेनऊपर्यंत उद्यानातली पलटणीची जुनी लाकडी बराक जळून गेली. पावणेदोनशे वर्षं उन्हापावसात उभी होती. आणि तुझे हात गेले.

सहा वर्षांत तुला लिहायला बसलोच नाही असं नाही. वर काय लिहावं इथेच अडायचो. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. खुशाली विचारावी तर ती कोणत्या तोंडाने? म्हणून आज नुसती हाक मारली आहे.

तू बर्फाच्या कारखान्यात लागलास हे टेकूमामाने सांगितलं. टेकूमामा अजून तसाच आहे, फावड्याला टेकून उभा आणि तोंड चालू. म्हणाला, "आगीचा माणूस बर्फात ठेवलाय, आता चांगला टिकेल." सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन तुझ्या वहिनीने वाढलेलं तसंच ठेवून उठलो. तिने विचारलं तर म्हणालो, पित्त झालंय. तुझी वहिनी आता विचारत नाही. सहा वर्षांत माझं पित्त एवढं झालंय की दवाखाना काढावा, असं परवा आईला म्हणत होती.

आज एवढंच.

दादा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र टाकलं नाही. मनोऱ्यावरच्या खणात ठेवलं आहे.

हो, मनोरा. तू गेल्यावर उद्यानाची आगीची जबाबदारी माझ्याकडे आली. सकाळी सातला वर चढायचं, तीनला खाली उतरायचं. चारी बाजूंना काच, मध्ये एक स्टूल, एक दुर्बीण, एक वायरलेस. सगळं दिसतं. जुनी तटबंदी, कोरडा खंदक, तोफांचे चौथरे, बराकीच्या जागी उरलेले दगडी पाये, आपलं क्वार्टर, दोरीवर आईचं लुगडं. आणि त्या सगळ्याभोवती गवत.

गवताबद्दल तुला सांगायलाच हवं. चौकशीनंतर जाळणी बंद झाली, ती बंदच आहे. अहवालात होतं, "ठरवून आग लावण्याची पद्धत भरवशाची नाही." तुला आठवतं, थंडी सरता सरता आपण उतार पट्ट्यापट्ट्याने जाळून घ्यायचो, म्हणजे उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तरी तिला खायला काही मिळत नसे. आता सहा वर्षांचं गवत साचलं आहे. वरचं पिवळं, खालचं काळपट, त्याच्याखाली कुजकं. माझ्या छातीला लागतं. क्वार्टरकडे यायला तो एकच रस्ता, दोन्ही बाजूंनी गवत वाकलेलं. सायकलवरून येताना बाह्यांना घासतं. आत शिरलं की वाटतं, आपल्यामागे कुणीतरी दार लोटून घेतलं.

इतिहासवाल्या बाई आता उद्यानाच्या मुख्य झाल्या. केस पांढरे झालेत, पण चालणं तेच, तरातरा. मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "दादा, जाळणी परत सुरू करायचीय. वरचे म्हणतात, मागच्या वेळी काय चुकलं ते आधी लेखी द्या. चूक पद्धतीची होती की माणसाची? तुम्ही तिथे होतात. मार्चअखेरपर्यंत लिहून द्या."

मी म्हणालो, "देतो."

त्या म्हणाल्या, "मला अजून वाटतं माझंच चुकलं. मी ती रेषा सरकवली नसती तर..."

मी म्हणालो, "तुमचं काही नाही चुकलं, बाई."

हे मी खरं बोललो. त्या खोलीत तेवढंच खरं बोललो.

तुला ठाऊक आहे तरी लिहितो, कारण हे मी आजवर कागदावर उतरवलेलं नाही. आग अडवायच्या जुन्या जाळरेषेच्या जागी सैनिकांच्या कबरी निघाल्या, म्हणून बाईंनी तिथे फावडं लावू दिलं नाही. नवी रेषा बराकीच्या बाजूला चाळीस पावलं सरकवून घ्यायची ठरली. आदल्या दिवशी तू म्हणालास, "दादा, नवी रेषा ओढून ठेव." आणि तिथेच घोळ झाला. आपली माणसं फावड्याने गवत खरवडून मागे मागे ओढत जातात, माती उघडी पाडतात, म्हणून रेषा "ओढतात". आणि मी टेबलाशी बसून नकाशावर पेन्सिलीने रेषा ओढतो, तीही ओढतोच. तुला वाटलं, दादा सकाळी माणसं लावेल. मला वाटलं, नकाशा तयार ठेवायचाय, माणसं धाकटा लावेल.

दहानंतर वारा उठणार म्हणून तू घाईत होतास. मध्ये टेकाड, तुला पलीकडचं दिसत नव्हतं. आठला पाच कमी असताना तू वायरलेसवर विचारलंस, "दादा, नवी रेषा ओढली का?"

टोक केलेली पेन्सिल माझ्या हातात होती. समोर लाल रेषा ओढलेला नकाशा.

मी काय म्हणालो ते आपल्या दोघांना माहीत आहे.

दादा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आई बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण मी फाटकाशी आलो की पावलावरून ओळखते. कधी कधी तिसऱ्याच कुणाच्या पावलाला मान वर करते. कोण वाटलं, म्हणून विचारलं तर म्हणते, "कुणी नाही." तुझं नाव घेत नाही. तू हातांना पट्ट्या गुंडाळून दारात उभा होतास तेव्हा ती बोलली, ते शब्द मला पाठ आहेत. तुलाही असतील. "घाईचा तो घाईचाच. लोकांचं जळलं, दादाचं नाव जळलं, आता माझ्यासमोर येऊ नकोस." मी तिच्यामागे उभा होतो. दाराच्या चौकटीला हात धरून. मला पुढे यायला एक पाऊल टाकायचं होतं, धाकट्या. एकच.

आता लिहितोच.

चौकशीला तिघे आले होते. त्यांच्यासाठी नवीन कप काढले होते. मधल्याने मला विचारलं, "जाळरेषा तयार आहे का, असं तुम्हाला वायरलेसवर विचारण्यात आलं होतं?"

"हो."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

तोवर मी देवाशप्पथ काहीच ठरवलं नव्हतं. खरंच सांगणार होतो, की असा असा घोळ झाला, शब्द एक होता आणि रेषा दोन. पण तोंड उघडलं आणि समोरच्या कारकुनाने पेन उचललं. त्या पेनाकडे बघून माझ्या मनात क्वार्टर आलं, आईची खाट आली, वहिनी आली.

"मी 'ओढतो' म्हणालो," मी सांगितलं. "म्हणजे आता ओढायला घेतो, अशा अर्थाने. वायरलेसला खरखर होती. त्याने 'ओढली' ऐकलं असेल."

एका अक्षराचा फरक. "ली" च्या जागी "तो". कारकुनाने लिहून घेतलं.

मग त्यांनी तुला विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे दोन्ही हात मांडीवर पांढऱ्या गाठोड्यांसारखे पडले होते. वाटलं, आता हा बोलेल. तू बोलावंस असंही वाटलं. त्या क्षणी तू मला खोटं पाडलं असतंस तर मी तुझे पाय धरले असते. तू म्हणालास, "दादा म्हणतो तर तसंच असेल."

जो आग लावतो त्याने रेषा आधी स्वतः चालून पाहायची, हा नियम. तू पाहिली नाहीस. माझ्या शब्दावर तू नियम सोडलास आणि मी शब्दच बदलला. तुला काढलं, मला वर चढवलं. मनोऱ्यावर.

गावच्या शाळेत गुरुजी म्हणवून घ्यायचे ती प्रार्थना मी अजून रोज म्हणतो. "माझ्या वाणीत तू राहा" ही ओळ आली की खोकतो. सहा वर्षं खोकतोय. देव काय समजायचं ते समजला असेल. आईला मात्र वाटतं मला खोकल्याचा विकार आहे. काढा करून देते. तो काढा मी तिच्यासमोर पितो.

बाईंना काय लिहून देऊ? "माणसाची चूक" लिहिलं, तर ते पुन्हा तुझ्याच माथी. "पद्धतीची चूक" लिहिलं, तर जाळणी कायमची बंद, गवत आणखी वाढणार. तिसरं एकच आहे आणि ते लिहिलं की क्वार्टर नाही, मनोरा नाही, आणि आईसमोर उभं राहायला जागा नाही. चार वेळा लिहायला बसलो. दर वेळी पेन्सिलीला टोक करतो आणि ठेवून देतो.

संग्रहालयात काचेच्या पेटीत एक फळी ठेवली आहे. सैनिकांनी चाकूने नावं कोरलेल्या फळ्यांपैकी उरलेली. खाली लिहिलंय, "आगीतून वाचलेली फळी." वाचलेली! तू हातांनी ओढून काढलीस ती. शाळेच्या सहली येतात, मास्तर मोठ्याने वाचतात, मी दाराशी उभा असतो.

दादा

१० मार्च

धाकट्या,

काल आग लागली.

दुपारी बारा-सव्वाबाराची वेळ. गाड्या लावतात त्या बाजूने धूर उठला. कुणी काय टाकलं देव जाणे. मी वायरलेसवर सगळ्यांना सांगितलं, बंबाला फोन केला. टेकूमामा आणि आणखी दोघं पाठीवर पाण्याचे पंप अडकवून धावले. पण सहा वर्षांचं गवत होतं ते. पूर्वी ज्वाळा गुडघ्याएवढ्या असायच्या, झोडपून विझायच्या. काल त्या दोन माणसांएवढ्या होत्या. वारा वळला आणि आग त्यांच्या मागून रस्त्यावर उतरली. ते तिघं जुन्या कोरड्या खंदकात उतरले. तेवढी एक जागा उरली होती.

मी वर. दुर्बिणीतून खंदकाची एक कड दिसत होती आणि तिच्यावरून धूर वाहत होता. एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला आपलं क्वार्टर, दोरीवर लुगडं. खाली उतरून कुणाकडे धावायचं? उतरलो तर वायरलेस सुटतो, वर राहिलो तर नुसतं बघायचं. चारी बाजूंना काच, हात काचेला लावले तर गरम लागत होती. खरंच लागत होती की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

वायरलेसवर टेकूमामा आला. खोकत होता.

"दादा, वर बसून काय दिसतंय ते सांगा. बाहेर यायला उत्तरेकडून वाट आहे का?"

मला दिसत नव्हतं. धूर होता. मी म्हणालो, "बघतो."

तर तो हसला. त्या धुरात, खंदकात पालथा पडून तो हसला, आणि म्हणाला, "आहे की नाही ते सांगा. उगाच 'आहे' म्हणून मागाहून 'बघतो' म्हणालो होतो, असं नको. मागच्या वेळी मी मशालीशेजारीच उभा होतो, दादा. वायरलेसला खरखर बिरखर काही नव्हती."

सहा वर्षं त्याला माहीत होतं. सहा वर्षं रोज सकाळी त्याने मला नमस्कार केला.

मी म्हणालो, "मामा, मला दिसत नाही. वाट आहे की नाही मला माहीत नाही. आहात तिथेच थांबा. तोंडावर ओलं कापड धरा, डोकं मातीला लावा."

"हां," तो म्हणाला. "हे कसं, माणसासारखं बोललात."

चाळीस मिनिटं ते तिथे पडून होते. आग वरून गेली. बंबाने ती क्वार्टरपासून वीस पावलांवर अडवली. लुगडं काळं झालं. आई आत दार लावून बसली होती, वहिनी तिच्यावर ओली चादर टाकून. मी पोचलो तेव्हा आई म्हणाली, "कोण, तू का?" आणि मग, "मला वाटलं तो आला."

तिघंही जिवंत आहेत. टेकूमामाच्या भुवया गेल्या. म्हणतो, आता आश्चर्य वाटलं तरी कुणाला कळायचं नाही.

मी त्याला विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "ज्याचे हात जळले तोच बोलला नाही. मी कोण बोलणारा?"

दादा

२४ मार्च

धाकट्या,

आधी आईला सांगितलं. कचेरीत जाण्याआधी, सकाळी. ती खाटेवर पाय सोडून बसली होती, मी खाली जमिनीवर. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हात ओले. तिला वाटलं होतं मी दुखणं सांगायला बसलोय.

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, नकाशा, "ओढली", मग चौकशी, मग "ओढतो". संपल्यावर आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मांडीवर होते. मग म्हणाली, "माझ्या तोंडून काय काय वदवून घेतलंस रे."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "त्याची बोटं हलतात का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, धाकट्या. सहा वर्षांत मी ते कुणाला विचारलंही नाही. टेकूमामाला सगळं माहीत असतं, त्यालाही नाही विचारलं. वहिनी दारातूनच म्हणाली, "डाव्या हाताची तीन हलतात. उजव्या हाताने पेला धरता येतो. मी दर वर्षी फोन करते त्यांना." मग आत गेली आणि भांडी घासायला लागली. फार आवाज करून.

म्हणजे या घरात न विचारणारा मी एकटाच होतो.

कचेरीत बाईंच्या हातात कागद दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला, मग बसल्या, परत वाचला.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भ्यालो."

"आणि आता भीती नाही वाटत?"

"वाटते. पण गवत छातीला लागलंय, बाई."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर काळा उतार आणि त्याच्यापलीकडे न जळलेलं गवत तसंच उभं. म्हणाल्या, "तुमच्यावर कारवाई होईल. मी थांबवू शकत नाही. थांबवणारही नाही." मी म्हणालो, "थांबवू नका." मग म्हणाल्या, "यात पद्धतीची चूक नव्हती, असं मी आता वर लिहू शकते. त्याची चूक नव्हती असंही लिहीन." चष्मा काढून पुसला. "आणि त्या फळीखालची पाटी बदलायला हवी. आगीतून वाचलेली नाही ती. कुणीतरी वाचवलीय."

मी जे सहा वर्षं दाराशी उभं राहून गिळत होतो, ते त्यांनी एका दमात म्हणून टाकलं.

कारकून नवीन आहे, त्याला काही माहीत नाही. नोंदवहीत लिहिताना त्याने विचारलं, "विषय काय टाकू?"

मी म्हणालो, "एका शब्दाची दुरुस्ती."

"एवढंच? मग दोन पानं कशाला लिहिलीत?" तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

क्वार्टर महिन्याभरात सोडायचं आहे. वहिनी आज खोकी गोळा करायला गेली. आईने आज सकाळी काढा केला नाही. मी प्रार्थना म्हणालो तेव्हा ऐकत होती. खोकलो नाही, हे तिच्या लक्षात आलं असणार.

तुला ये म्हणत नाही. माफ कर असंही लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि आपल्या दोघांत उत्तरं देण्याचं काम आता माझं आहे. खणातली सगळी पत्रं या पाकिटात आहेत. सोबत निवेदनाची प्रत, शिक्का मारलेली. दुसऱ्या पानावर मधोमध ते वाक्य आहे: "माझ्या भावाने विचारले तेव्हा मी 'ओढली' असे म्हणालो होतो." अक्षर मोठं काढलं आहे, कुणाला "तो" वाचता येऊ नये म्हणून.

त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेषा आहे. कागदावरचीच आहे, धाकट्या. पण ओढली.

दादा